पोटात बाळ आणि हातात एक्स-रेची चिठ्ठी

सहावा महिना लागलेल्या बाईला तीन आठवडे खोकला आहे. संध्याकाळी अंग कसकसतं, वजन वाढायला हवं तेवढं वाढत नाही. डॉक्टर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे लिहून देतात. थुंकी दिली जाते, एक्स-रेची चिठ्ठी मात्र पर्समध्येच राहते. "पोटात बाळ आहे, किरण कशाला लावून घ्यायचे? बाळंतपण होऊ दे, मग बघू," असं घरात ठरतं. ठरवणारी सगळी तिच्या काळजीपोटीच बोलत असतात. पण खोकला क्षयाचा निघाला, तर उपचारांविना गेलेले ते तीन-चार महिने फार महागात पडतात. बाळ कमी वजनाचं होऊ शकतं, दिवस भरायच्या आधी जन्मू शकतं आणि जन्मल्यावर आईच्या खोकल्यातून त्यालाही क्षयाची लागण होऊ शकते. ज्याच्या भीतीने हे सगळं पत्करलं, त्या छातीच्या एक्स-रेतून गर्भापर्यंत पोचणारा डोस असतो ०.०१ मिलीग्रे किंवा त्याहूनही कमी.

मिलीग्रे म्हणजे शरीराने किरणांची किती ऊर्जा शोषली, ते मोजायचं माप. आता ०.०१ हा आकडा मोठा की लहान, हे कळायला शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. माती, दगड, अंतराळातून येणारे किरण, आपल्याच शरीरातलं पोटॅशियम, या सगळ्यांतून थोडा किरणोत्सर्ग आपल्याला रोज मिळत असतो. एकही तपासणी न करता घरी बसलेल्या बाईच्या गर्भालाही नऊ महिन्यांत साधारण अर्धा ते एक मिलीग्रे मिळतो. छातीचा एक्स-रे त्याच्या पन्नासाव्या हिश्शाच्या पुढे जात नाही. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच किरणोत्सारी थोरियम असलेलं मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यामुळे तिथली नैसर्गिक पातळी इतर ठिकाणांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी त्या पट्ट्यातल्या हजारो नवजात बाळांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. जन्मजात व्यंगांचं प्रमाण किरणोत्सर्गाबरोबर वाढताना त्यांना दिसलं नाही.

वरची मर्यादा कुठे आहे, तेही बघू. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना ५० मिलीग्रे ही रेषा धरते. त्याखाली व्यंग, गर्भपात किंवा वाढ खुंटणं यांतलं काही किरणांमुळे वाढल्याचं दिसलेलं नाही. व्यंगाचा खरा धोका सुरू होतो तो १०० ते २०० मिलीग्रेच्या पुढे. छातीच्या एक्स-रेने ५० मिलीग्रे गाठायचे तर कमीत कमी पाच हजार एक्स-रे काढावे लागतील.

आपल्याकडची भीती तपासणीच्या नावाला चिकटलेली असते. 'एक्स-रे' म्हटलं की नको, 'सोनोग्राफी' म्हटलं की कितीही चालेल. नाव बाजूला ठेवून विचारायला हवं ते असं: किरण शरीराच्या कुठल्या भागावर पडणार, गर्भ किती आठवड्यांचा आहे आणि तपासणी नाही केली तर काय होईल?

भाग कुठला?

एक्स-रेचं यंत्र खोलीभर किरण उधळत नाही. नळीच्या तोंडाशी शिशाच्या झडपा असतात. तंत्रज्ञ त्या सरकवून हव्या तेवढ्याच चौकोनावर प्रकाश टाकतो आणि किरण त्याच चौकोनात पडतात. छातीच्या वेळी गर्भाशय त्या चौकोनाबाहेर असतं. त्याच्यापर्यंत पोचतात ते आईच्या शरीरातच आपटून विखुरलेले थोडे किरण. दात, हात, पाय, मान, डोकं यांच्या बाबतीत तेवढेही पोचत नाहीत. दाढ ठणकते आहे, गालाला सूज आली आहे आणि दंतवैद्य दाताचा एक्स-रे काढू म्हणत असेल, तर तो बाळंतपणापर्यंत ढकलायला कुठलंच शास्त्रीय कारण नाही. जंतुसंसर्ग अंगावर काढणं त्याहून वाईट.

सीटी स्कॅन म्हणजे एक्स-रेंनीच शरीराचे आडवे छेद दाखवणारी तपासणी. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्येही गर्भाला छातीच्या एक्स-रेइतकाच, म्हणजे नगण्य डोस मिळतो. एका पायाला अचानक सूज येऊन नंतर दम लागला, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शंका घेतात. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि अशी गुठळी काही तासांत जीव घेऊ शकते. त्यासाठीच्या छातीच्या सीटीत गर्भाला मिळतात ०.०१ ते ०.६६ मिलीग्रे. म्हणजे नऊ महिन्यांच्या नैसर्गिक हिश्शापेक्षा फार काही वेगळं नाही.

गणित बदलतं ते किरण थेट पोटावर किंवा ओटीपोटावर पडतात तेव्हा. कमरेच्या मणक्यांच्या एक्स-रेत १ ते १० मिलीग्रे, पोटाच्या सीटीत १.३ ते ३५, ओटीपोटाच्या सीटीत १० ते ५०. इथे विचार करायचा, पर्याय शोधायचा. अपेंडिक्सची शंका असेल तर आधी सोनोग्राफी. तिच्यात नीट दिसलं नाही (वाढलेल्या गर्भाशयामुळे अपेंडिक्स वर सरकलेलं असतं, बरेचदा दिसत नाही) तर एमआरआय, कारण या दोन्हींत एक्स-रे नसतात. पण तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता एमआरआय मिळत नाही, सीटी मिळतो. तेव्हा सकाळची वाट बघत बसण्यापेक्षा सीटी करणंच शहाणपणाचं ठरतं, कारण अपेंडिक्स पोटात फुटलं तर गर्भ जाण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. दुचाकीवरून पडून पोटात मार लागलेल्या गरोदर बाईचंही तसंच. आतला रक्तस्राव वेळेत सापडणं ही बाळाचीही गरज आहे.

आठवडा कुठला?

गर्भधारणा झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ म्हणजे पेशींचा छोटा पुंजका असतो. तेव्हा मोठा डोस मिळाला तर गर्भ टिकतच नाही, आणि टिकला तर पुढे धडधाकट वाढतो. मधली अवस्था सहसा नसते. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात अवयव घडतात. आठव्यापासून पंधराव्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यांत नाजूक, कारण मेंदूच्या पेशी तेव्हा झपाट्याने तयार होऊन आपापल्या जागी सरकत असतात.

हे कळलं ते १९४५च्या हिरोशिमा-नागासाकीतून. स्फोटाच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलांचा नंतर कित्येक दशकं पाठपुरावा झाला. डोकं लहान राहणं आणि बुद्धीची वाढ खुंटणं हे त्या आठ ते पंधरा आठवड्यांच्या गटात ठळकपणे दिसलं आणि जितका डोस जास्त तितका परिणाम जास्त. पण ते डोस शेकडो मिलीग्रेच्या घरातले होते. रोगनिदानाची एखादी तपासणी त्याच्या जवळपासही जात नाही. कर्करोगावरचे रेडिएशनचे उपचार जातात, म्हणून ते वेगळं प्रकरण.

सगळ्यात जास्त झोप उडवणारा प्रसंग मात्र वेगळाच असतो. कंबर दुखत होती, एक्स-रे काढला. पंधरा दिवसांनी कळलं की दिवस गेले होते. आता? पुष्कळ घरांत, आणि खेदाने म्हणावं लागतं की काही दवाखान्यांतही, याचं उत्तर झटकन येतं: "कशाला धोका पत्करायचा, पाडून टाका." १९८६ मध्ये सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली तेव्हा ग्रीसमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. ग्रीस तिथून खूप दूर. तिथल्या लोकांना मिळालेला डोस एक मिलीग्रेहूनही कमी होता. पण अफवा पसरल्या, डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येईना आणि अंदाजे अडीच हजार हव्या असलेल्या गर्भांचा गर्भपात झाला. पुढच्या वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा हिशेब छापून आला. किरणांनी त्यांतल्या एकाही बाळाचं काही बिघडवलं असतं, असं मानायला आधार नव्हता.

किरणोत्सर्ग-सुरक्षेचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० साली याबद्दल स्वच्छ लिहिलं आहे: गर्भाला मिळालेला डोस १०० मिलीग्रेहून कमी असेल, तर केवळ किरणांच्या भीतीने गर्भपात करणं समर्थनीय नाही. कमरेचा एक एक्स-रे या रेषेच्या दहाव्या हिश्शात बसतो. पोटाचा सीटी झाला असेल तर अंदाजावर राहू नये. सीटीच्या यंत्रात प्रत्येक तपासणीनंतर डोसचा तक्ता तयार होतो, तो मागून घ्यावा. त्यावरून रेडिओलॉजिस्ट किंवा मेडिकल फिजिसिस्ट गर्भाचा डोस काढून लेखी देऊ शकतात.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढे गैरसमज होतो. कसलाही एक्स-रे न काढलेल्या गरोदरपणांतही साधारण शंभरातल्या तीन बाळांना काही ना काही जन्मजात व्यंग असतं आणि कळलेल्या गर्भांपैकी सुमारे १५ टक्के आपोआप पडतात. त्यामुळे कधीतरी एक्स-रेनंतर असं घडणारच, आणि दोष त्या एक्स-रेच्या माथी, बरेचदा तो काढून घेणाऱ्या बाईच्याच माथी मारला जाणार.

मग धोका शून्य का म्हणत नाहीत?

त्यामागे ॲलिस स्टुअर्ट आहेत. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण का वाढतंय, हे कुणाला उमगत नव्हतं. ऑक्सफर्डच्या या डॉक्टर बाईंनी ठरवलं की आयांनाच विचारायचं. कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आणि धडधाकट मुलांच्या आयांकडून त्यांनी एकच प्रश्नावली भरून घेतली. पहिल्या गटात गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या आया जवळपास दुप्पट निघाल्या. तेव्हा बाळाची स्थिती आणि आईच्या कटिभागाचं माप बघायला सर्रास एक्स-रे काढत. १९५६ मध्ये पहिली नोंद आणि १९५८ मध्ये सविस्तर लेख आला. वैद्यकीय जगाने त्यांना बरीच वर्षं उडवून लावलं. 'आयांना आठवतंय ते कशावरून खरं?' असा आक्षेप होता. मग १९६२ मध्ये हार्वर्डच्या ब्रायन मॅकमेहन यांनी आठवणींवर विसंबून न राहता रुग्णालयांची दप्तरं तपासली, आणि वाढ लहान असली तरी खरी निघाली.

आज मानलं जातं ते असं: व्यंगांसाठी जशी खालची रेषा आहे, तशी कर्करोगासाठी नक्की रेषा काढता येत नाही. डोस जितका, तितकी किंचित वाढ. किती किंचित? काहीही किरण न मिळता बालपणी कर्करोग न होण्याची शक्यता ९९.७ टक्के धरली, तर गर्भाला १० मिलीग्रे मिळाल्यावर ती ९९.६ होते. म्हणूनच विनाकारण पोटाचा सीटी काढत नाहीत. आणि कारण असेल तर या फरकासाठी अडूनही बसत नाहीत.

सोनोग्राफीचं काय?

ज्या वर्षी स्टुअर्टबाईंचा लेख आला, त्याच १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठी आणि गर्भ ध्वनिलहरींनी बघता येतात, हे 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं. यंत्र मुळात कारखान्यातलं होतं, लोखंडातल्या भेगा शोधायचं. १९५५ मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी आणि तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा गाडीत घालून बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि त्या यंत्रावर तपासून आले. गाठीतलं पाणी आणि भरीव मांस यांचा प्रतिध्वनी वेगळा येतो, हे तिथे कळलं. गर्भाशयाचे एक्स-रे पुढे बंद पडले ते यामुळेच.

सोनोग्राफीत एक्स-रेसारखे, आयनीकरण करणारे (अणूंतले इलेक्ट्रॉन उडवणारे) किरण नसतात. कानाला ऐकू न येणारा आवाज असतो, तो परत येतो आणि त्याचं चित्र होतं. पण आवाज ही ऊर्जाच, ती शोषली की थोडी उष्णता होते. यंत्राच्या पडद्यावर कोपऱ्यात 'टीआय' म्हणून एक आकडा सतत दिसत असतो, तो याच उष्णतेचा अंदाज. साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात तो कमी राहतो. रक्तप्रवाह बघायचा डॉपलर लावला की वाढतो, कारण त्यात ऊर्जा एकाच जागी एकवटते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत गरजेशिवाय डॉपलर लावत नाहीत, लावलाच तर टीआय १ च्या आत आणि काही मिनिटंच. सहाव्या-सातव्या आठवड्यात बाळाचे ठोके मोजायलाही डॉपलर लागत नाही. हलणाऱ्या रेषेच्या आलेखावर ते मोजता येतात. ठोके ऐकायचेच असा घरच्यांनी धरलेला हट्ट डॉक्टरांनी त्या आठवड्यांत मोडला, तर बरोबरच केलं म्हणायचं.

किती सोनोग्राफी लागतात? जागतिक आरोग्य संघटना २४ आठवड्यांच्या आत किमान एक सांगते. आपल्याकडे साधारणपणे सुरुवातीला तारीख पक्की करायला एक, ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी), १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास व्यंग तपासणारी ॲनोमली स्कॅन आणि शेवटच्या तिमाहीत वाढ बघायला एखादी, असा रिवाज आहे. रक्तदाब, मधुमेह, जुळी असतील तर जास्त. ॲनोमली स्कॅन मात्र चुकवू नये. हृदयाचे कप्पे, पाठीचा कणा, मेंदू एवढ्या बारकाईने पुन्हा बघायला मिळत नाहीत, आणि उशीर झाला तर गर्भपाताच्या निर्णयाचा कायदेशीर मार्गही अवघड होत जातो. पैशाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, सोनोग्राफीची सोय तिथून होते.

आपल्या मुलखात सोनोग्राफीने केलेलं खरं नुकसान मात्र ध्वनिलहरींनी केलेलं नाही. ते पडद्यावर काय दिसलं, हे सांगितल्याने झालं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा केला. १९९४ मध्ये तो देशाचा झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक. सोनोग्राफीच्या काउंटरवर ओळखपत्र मागतात, 'एफ' फॉर्म भरून घेतात, त्यात शेवटच्या पाळीची तारीख, आधीचे मुलगे किती नि मुली किती, कुणी पाठवलं, कशासाठी, आणि खाली 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' यावर बाईची सही किंवा अंगठा. लोक वैतागतात. पुण्यात आधार कार्ड विसरलं म्हणून परत पाठवलेली लेक अमेरिकेतल्या बहिणीला फोन करते, तर तिला तिच्या डॉक्टरांनी मुलगी आहे हे केव्हाच सांगून टाकलेलं असतं. पण फॉर्ममधली एक रकाना-चूक डॉक्टरला कोर्टात उभी करू शकते, तेव्हा तो अडून बसतो यात नवल नाही.

एमआरआयमध्येही किरण नसतात, चुंबक आणि रेडिओलहरी असतात. आवाज मोठा, नळी अरुंद, पाठीवर झोपवत नसेल तर डाव्या कुशीची उशी लावतात. आधीचं सिझेरियन झालेल्या बाईची वार जुन्या व्रणात रुतली आहे का, बाळाच्या मेंदूत सोनोग्राफीला शंका आलेली गोष्ट खरी आहे का, अशा प्रश्नांना तो फार उपयोगी. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या १४ लाखांहून जास्त प्रसूतींच्या नोंदी २०१६ मध्ये तपासल्या, तेव्हा पहिल्या तिमाहीत एमआरआय झालेल्यांच्या मुलांत जादा अपाय दिसला नाही. पण चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन मिळालेल्या गटात मात्र मृतजन्म आणि मुलांमधले संधिवातासारखे, सूज येणारे आजार वाढलेले दिसले. म्हणून एमआरआय हो, गॅडोलिनियम अगदीच अडलं तर.

शिशाच्या कोटाबद्दल थोडं. एक्स-रेच्या खोलीत पोटावर तो घातला नाही म्हणून भांडणं होतात. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं की रुग्णाच्या पोटावर तो घालण्याची पद्धत सोडून द्यावी. गर्भापर्यंत पोचणारे किरण आईच्या शरीराच्या आतून येतात, कोट बाहेर असतो. शिवाय तो मध्ये आला तर यंत्र आपोआप डोस वाढवतं किंवा फिल्म पुन्हा काढावी लागते. कुणी घातला तर घालू द्यावा, नाही घातला तर बाळावर अन्याय झाला असं नाही. यंत्र बंद झालं की खोलीत किरण उरत नाहीत, भिंतींत मुरत नाहीत. विमानतळावरच्या धातुशोधक चौकटीत तर एक्स-रे नसतोच. खोलीत रोज काम करणाऱ्या गरोदर तंत्रज्ञ आणि नर्स यांचा हिशेब वेगळा: अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे गरोदरपण कळवल्यापासून पुढे गर्भाला १ मिलीसीव्हर्टच्या वर डोस मिळता कामा नये. एक्स-रेच्या बाबतीत ते जवळजवळ १ मिलीग्रेच. त्यासाठी आधी कळवायला हवं.

बाळंतपणानंतर एक गोंधळ राहतो, दुधाचा. एक्स-रे किंवा सीटीने दूध 'किरणं लागलेलं' होत नाही. घरी येऊन लगेच पाजता येतं. सीटीत शिरेतून दिलेल्या आयोडीनयुक्त औषधाचा एक टक्काही दुधात उतरत नाही, आणि उतरलेल्यातला एक टक्काही बाळाच्या आतड्यातून रक्तात जात नाही. गॅडोलिनियमचंही तसंच. तरी अजून कुठे कुठे "चोवीस तास दूध पिळून फेकून द्या" असं सांगतात. पहिल्या आठवड्यात हे ऐकून दूध आटलेल्या बायका असतात, आणि ते टाळता आलं असतं. खरी मनाई आहे ती थायरॉईडच्या उपचारात देतात त्या किरणोत्सारी आयोडीन-१३१ला. गरोदरपणी ते वारेतून पलीकडे जाऊन बाळाची थायरॉईड ग्रंथीच जाळू शकतं, म्हणून द्यायचंच नाही. पाजत्या आईला द्यायचं असेल तर अंगावरचं दूध साधारण सहा आठवडे आधी पूर्ण थांबवावं लागतं आणि त्या बाळाला ते पुन्हा सुरू करता येत नाही. पुढच्या बाळाला पाजायला हरकत नसते.